धरणाच्या गावाहून सिंगळीकाच्या रानात

बालमित्रांनो, तुम्ही कधी हिंगोली जिल्ह्यात आलात, तर औंढा नागनाथाचं दर्शन घेऊन तसेच परत फिरू नका. थोडी वाट वाकडी करा आणि सिद्धेश्वरला या. इथं पूर्णा नदीवर मातीचं लांबच लांब धरण आहे. सहा किलोमीटरांहून लांब! भिंतीच्या एका टोकाला उभं राहिलं, तर दुसरं टोक धुरकट दिसतं. पलीकडे निळं पाणी, अलीकडे हिरवं शिवार. १९६८ साली हे धरण पुरं झालं. नदीच्या वरच्या अंगाला येलदरीचं धरण आहे. तिथून सुटलेलं पाणी आमच्या सिद्धेश्वरात येतं आणि इथून कालव्यानं पार वसमत, परभणी, नांदेडच्या शेतांपर्यंत जातं. तुमच्या घरातल्या भाजीत वसमतची हळद पडत असेल, तर त्या हळदीनं आमच्या धरणाचं पाणी प्यायलेलं असणार, बरं का!

याच परिसरातल्या एका प्राथमिक शाळेत मी शिकवतो. आमच्या शाळेचे रोजचे पाहुणे म्हणजे वानरं. लांब शेपटीची, काळ्या तोंडाची. मधल्या सुट्टीत ती कौलांवर येऊन बसतात. कुणाचा डबा उघडा दिसला, की संपलंच! हरभऱ्याच्या दिवसांत ती शेतात उतरतात, मग शेतकरी फटाके वाजवतात. आणि शनिवारी मारुतीच्या पारावर तीच वानरं केळी आणि फुटाणे खातात. सहा दिवस हाकलायचं आणि सातव्या दिवशी पाया पडायचं, असा आमचा त्यांच्याशी व्यवहार!

आमच्या मुलांचा एक पक्का नियम आहे. "काळं तोंड म्हंजे वानर, लाल तोंड म्हंजे माकड." एकदा मी वर्गात एक चित्र दाखवलं. अंग काळं कुळकुळीत, तोंडही काळं, पण तोंडाभोवती रुपेरी-करड्या केसांची झुपकेदार आयाळ. जसा काही म्हातारा सिंहच! शेपटी आखूड आणि तिच्या टोकाला गोंडा.

"सांगा पाहू, हे कोण?"

"वानर!" सगळा वर्ग ओरडला.

"चूक! हे माकड आहे."

"सर, पण तोंड तर काळं हाय की!"

मी सांगितलं, की माकडाची खरी खूण तोंडाच्या रंगात नसते, गालाच्या आत असते. माकडाच्या गालांना आतून पिशव्या असतात. फळं दिसली, की ते ती भराभर गालांत कोंबतं आणि निवांत जागी जाऊन चावत बसतं. वानराला अशा पिशव्या नसतात. तो झाडपाला खातो, आणि तो पाला पचवायला त्याचं पोट खास बनलेलं असतं. चित्रातल्या प्राण्याला गालपिशव्या आहेत, म्हणून तो माकड. त्याचं नाव सिंहपुच्छ माकड. कानडीत त्याला सिंगळीक म्हणतात. जगात तो फक्त आपल्या भारतात आहे. आणि भारतातही फक्त कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूतल्या सह्याद्रीच्या पावसाळी रानांत.

मग मी त्यांना सांगितलं, की केरळात या माकडाच्या रानात मोठं धरण होणार होतं आणि लोकांनी ते थांबवलं.

वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरचा एक चौथीतला मुलगा उभा राहिला. त्याच्या वडलांची शेती कालव्यावर आहे. तो म्हणाला, "सर, आपलं धरण बी असंच कुणी थांबवलं असतं, तर आमच्या शेताला पाणी कुठून आलं असतं? माकडासाठी धरण थांबवायचं, हे बरोबर हाय का?"

मुलांनो, खरं सांगतो, मला उत्तर देता आलं नाही. मी म्हणालो, "बघून येतो आणि मग सांगतो."

शिरसीची वाट

दिवाळीची सुट्टी लागली. डी.एड.ला माझ्याबरोबर असलेल्या एका मित्राची बहीण शिरसीकडे दिलेली आहे. तिचं पत्ता-फोन घेतला, पिशवीत दोन कपडे आणि फराळाचा डबा टाकला नि निघालो. एस.टी.नं परभणी, परभणीहून सोलापूर, तिथून रेल्वेनं हुबळी आणि पुढं पुन्हा बस. आमच्याकडची काळी माती, तुरी, कापूस हे सगळं हळूहळू मागं पडलं. हुबळी सोडल्यावर जमीन लाल व्हायला लागली. मग झाडं वाढली. मग इतकी वाढली, की बसच्या खिडकीतून आभाळ दिसेना.

ताईंनी अंगणातच पाणी दिलं आणि त्यांचे यजमान हसत पुढे आले. भाऊजी कानडी. मराठी तोडकी-मोडकी, पण गोड! त्यांची सुपारीची बाग आहे. दरीच्या तळाशी उंच सडसडीत पोफळी, त्यांच्या अंगावर चढलेले मिऱ्याचे वेल आणि बागेच्या वरच्या उतारावर रान. भाऊजी म्हणाले, "ते वरचं बेट्ट. तिथला हिरवा पाला तोडायचा आणि बागेत घालायचा. खत!" सुपारीच्या बागेला पाला मिळावा म्हणून सरकारनं फार पूर्वीपासून इथल्या शेतकऱ्यांना अशा जंगलाचा वापर करू दिला आहे. शेणखताला पाल्याची जोड. युक्ती छान आहे. पण वर्षानुवर्षं फांद्या छाटलेली ती झाडं मला खांबांसारखी दिसली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचं काम आहे.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी मला कत्तलेकानात नेलं. जोगकडून होन्नावरला जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला हे रान आहे. कानडीत 'कत्तले' म्हणजे अंधार आणि 'कान' म्हणजे घनदाट रान. अंधाराचं रान! नाव अगदी खरं. बाहेर दुपारचं ऊन होतं. आत शिरलो आणि दहा पावलांतच संध्याकाळ झाल्यासारखं वाटलं. वर पानांचं छत, त्यावर आणखी एक छत. पाय ठेवावा तिथं ओली पानं. मध्येच उथळ पाण्याचा ओहोळ आणि त्या पाण्यात उभी असलेली झाडं.

या झाडांची गंमत ऐका. ती रानजायफळाच्या जातीची. त्यांची मुळं सतत चिखलात असतात. चिखलात हवा कशी मिळणार? म्हणून ती मुळं गुडघ्यासारखी वाकून वर येतात, हवा घेतात आणि परत खाली जातात. सगळ्या रानभर असे गुडघेच गुडघे! मला तर वाटलं, की झाडं पाण्यात मांडी घालून बसली आहेत. अशी रानजायफळाची दलदल आपल्या महाराष्ट्रातही आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथं ती देवराईच्या आसऱ्यानं टिकली आहे. गोव्यात सत्तरी तालुक्यातली निरंकाराची राईही तशीच. म्हणजे झाडं आपल्याकडे आहेत. पण सिंगळीक नाही. पूर्वी तो गोव्यापर्यंत होता, असं काही जुन्या अभ्यासकांनी लिहिलं आहे. आज त्याची उत्तरेकडची शेवटची मोठी वस्ती याच शिरसी-होन्नावरच्या रानांत आहे. मी त्याच्या देशाच्या उंबरठ्यावर उभा होतो.

आवाज आला, पण...

पहिल्या दिवशी काहीच दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एका मोठ्या उंबराच्या जातीच्या झाडाखाली बसलो. तास गेला, दीड तास गेला. डास मात्र मनसोक्त जेवले! आणि अचानक लांबून आवाज आला. "कूऽऽ... कूऽऽ..." भाऊजींनी माझं मनगट धरलं आणि बोट वर केलं. कळपातला मोठा नर असा पुकारा करतो. शेजारच्या कळपाला कळावं, की आम्ही इथं आहोत. भांडण करण्यापेक्षा आधीच ओरडून सांगितलेलं बरं, नाही का?

एका कळपात साधारण दहा ते वीस-पंचवीस माकडं असतात. बहुतेक कळपांत वाढलेला नर एकच, बाकी माद्या आणि पिल्लं. सगळा दिवस झाडांवर. एका झाडावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. खाणं म्हणजे फळं, बिया, फुलांतला मध, शिवाय किडे, गोगलगायी, एखादा सरडासुद्धा. आपल्या भीमाशंकरचं शेकरू जसं जमिनीला पाय लावायला कंटाळतं, तसाच हाही. झाडांची छपरं म्हणजे त्याचा रस्ता. आणि इथंच त्याची सगळी अडचण आहे.

विचार करा. तुमच्या गावचा रस्ता मध्येच शंभर पावलं तुटला, तर तुम्ही खाली उतरून चालाल. पण ज्याला खाली उतरायचं भय वाटतं, त्यानं काय करायचं? मधल्या चार झाडांच्या ठिकाणी चहाचा मळा आला, रुंद रस्ता आला, विजेच्या तारांसाठी पट्टा मोकळा केला, की कळप इकडे अडकला. पलीकडच्या कळपाशी त्याची गाठ पडत नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्याच त्या नातलगांत पिल्लं होतात आणि कळप अशक्त होत जातो. दक्षिणेकडे, तमिळनाडूतल्या वाल्पारैला तर चहा-कॉफीच्या मळ्यांमध्ये रानाची लहान लहान बेटं उरली आहेत आणि त्या बेटांवर हे माकड राहतं. तिथं रस्त्याच्या वरून, एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत, खास माकडांसाठी झुलते पूल बांधले आहेत. माकडं ते वापरतातसुद्धा!

त्या दिवशी आवाज ऐकला, पण पानांची एक फांदी हलण्यापलीकडे काही दिसलं नाही. मी हिरमुसलो. भाऊजी म्हणाले, "गुरुजी, उद्या घाटात बघू. तिथं दिसतो. पण तिथं दिसणं चांगलं नाय."

चांगलं का नाही, ते मला तेव्हा कळलं नाही.

माझी चूक

तिसऱ्या दिवशी आम्ही घाटातून निघालो. एका वळणावर चार-पाच गाड्या थांबलेल्या. लोक खाली उतरलेले, कुणी फोटो काढतंय, कुणी ओरडतंय. आणि रस्त्याकडेच्या कठड्यावर...

तोच तो! काळं अंग, रुपेरी आयाळ, तपकिरी डोळे. वजन फार तर आठ-नऊ किलो असेल, पण ऐट राजाची. त्याच्या मागं एक मादी, तिच्या पोटाला पिल्लू घट्ट चिकटलेलं. पिल्लाला आयाळ नव्हती. माझं काळीज धडधडायला लागलं. तीन दिवस ज्याच्यासाठी मान मोडली, तो दहा हातांवर बसला होता!

आणि मी काय केलं, सांगू? पिशवीत केळी होती. शनिवारी मारुतीच्या पारावर करतो, तसंच मी एक केळं काढलं आणि हात पुढे केला. मादी कठड्यावरून उतरली. रस्त्यावर आली. त्याच वेळी वरच्या वळणावरून बस आली. ब्रेक करकचून वाजला. मादीनं उडी घेतली. बसचं चाक आणि तिची शेपटी यांच्यात वीतभराचं अंतर असेल. पिल्लू तसंच पोटाला चिकटलेलं होतं.

माझ्या हातातलं केळं खाली पडलं.

तेवढ्यात खाकी कपड्यातला एक वनरक्षक धावत आला. "कोडबेडी! कोडबेडी!" म्हणजे "देऊ नका!" मग त्यानं माझ्याकडे बघून हिंदीत विचारलं, "पढ़े-लिखे हो? क्या काम करते हो?"

मी खालच्या आवाजात सांगितलं, "टीचर."

तो काहीच बोलला नाही. रागावला असता तरी बरं वाटलं असतं, इतकं ते गप्प बसणं मला लागलं. मग त्यानं शांतपणे समजावलं. हा प्राणी मुळात झाडावरचा. रस्त्यावर खायला मिळतं, हे एकदा कळलं, की तो खाली उतरतो. उतरला, की गाडीखाली येतो. माणसाचे आजार त्याला लागतात. बिस्किटं-वेफर्स खाऊन रानातली फळं शोधायचं तो विसरतो. आणि रानातली फळं त्यानं खाल्ली नाहीत, तर त्यांच्या बिया लांब कोण नेऊन टाकणार? म्हणजे केळं मी एका माकडाला देत होतो आणि नुकसान करत होतो सगळ्या रानाचं.

घाटात दिसणं चांगलं का नाही, ते मला आता कळलं.

उणे का होतात?

संध्याकाळी ताईंच्या पडवीत बसून मी वहीत हिशोब मांडला. तुम्हीही करून बघा.

सिंगळीकाच्या मादीला रानात पहिलं पिल्लू होतं ते सहा-सात वर्षांची झाल्यावर. एका वेळी एकच पिल्लू. त्यानंतर दुसरं व्हायला साधारण अडीच ते तीन वर्षं. म्हणजे अठरा वर्षांत फार तर चार-पाच पिल्लं, आणि तीही सगळी जगली तर! घाटातल्या त्या बसनं मादीला उडवलं असतं, तर कळपाला तिची जागा भरून काढायला किती वर्षं लागली असती?

आज रानात हे माकड सगळं मिळून चार हजारांच्या आतच आहे. त्यातली वाढलेली, पिल्लं होऊ शकणारी साधारण अडीच हजार. महाशिवरात्रीला आमच्या औंढ्याला दर्शनाच्या रांगेत याच्या कितीतरी पट माणसं असतात! म्हणून जगातल्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत त्याचं नाव आहे. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंही त्याला सर्वांत वरचं, म्हणजे पहिल्या अनुसूचीतलं संरक्षण दिलं आहे. त्याला मारणं, पकडणं, पाळणं हा गुन्हा आहे. पूर्वी मात्र त्याची शिकार व्हायची. दक्षिणेत निलगिरी वानर नावाचं काळं वानर आहे. त्याच्या मांसात औषधी गुण असतात, अशा खोट्या समजुतीनं लोक त्याला मारत आणि रंगानं काळा म्हणून सिंगळीकही त्यात सापडे.

शिरसीकडची गोष्ट थोडी वेगळी. इथं उप्पागे नावाचं फळ होतं. आपल्या कोकमाचं भावंडच समजा. त्याची साल वाळवून आंबटपणासाठी वापरतात. मग तिच्यापासून वजन कमी करायची औषधं निघाली, परदेशातून मागणी आली आणि भाव वाढला. लोक फळं पिकायची वाट न बघता तोडायला लागले, फळांसाठी फांद्याही तोडायला लागले. उप्पागे हे सिंगळीकाचं आवडतं खाणं. त्यात पुन्हा बेट्टावरची छाटलेली झाडं. आठवली ना? फांद्या गेल्या, की त्याचा रस्ताही गेला आणि ताटही गेलं.

पण भाऊजींचं म्हणणंही ऐका. ते म्हणाले, "गुरुजी, उप्पागे विकून इथल्या गरिबाच्या घरात पावसाळ्यात पैसा येतो. त्याला नको म्हणून सांगायला सोपं. पण त्याच्या चुलीचं काय?" त्यावर त्यांनीच तोडगा सांगितला. फांदी तोडायची नाही, खाली पडलेलं पिकलं फळ वेचायचं, काही झाडावर माकडांसाठी ठेवायचं. आपल्याकडे नाही का, खळ्यावरून धान्य घरी नेताना पाखरांसाठी मूठभर मागं ठेवत? तसंच.

या शतकाच्या सुरुवातीला एच. एन. कुमार आणि मेवा सिंग या शास्त्रज्ञांनी इथली रानं पायी पालथी घातली. त्यांना तीसहून जास्त कळप सापडले! इतके कळप इथं असतील, असं कुणाला वाटलंही नव्हतं. त्यानंतर २०११ मध्ये अघनाशिनी नदीच्या खोऱ्यात सिंगळीकासाठी सुमारे ३०० चौरस किलोमीटरचं संवर्धन राखीव क्षेत्र झालं. २०१९ मध्ये ते आणि शरावतीचं खोरं जोडून सुमारे ९३० चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं. त्या अभयारण्याच्या नावातच या माकडाचं नाव आहे.

दोन धरणांची गोष्ट

परतीच्या आधी आम्ही जोगचा धबधबा पाहिला. २५३ मीटरांचा कडा आणि त्यावरून उडी घेणाऱ्या चार धारा. राजा, राणी, रोअरर आणि रॉकेट. पण दिवाळीच्या सुमारास त्या धारा बारीक झालेल्या होत्या. कारण शरावतीचं पाणी वरच अडवलेलं आहे. १९६४ मध्ये पूर्ण झालेल्या लिंगनमक्की धरणात. त्या पाण्यावर कर्नाटकाची वीज चालते. पण मैलोन्‌मैल पसरलेल्या त्या पाण्याखाली दऱ्या गेल्या, रानं गेली, गावं गेली. पुढं याच खोऱ्यात २ हजार मेगावॉटच्या आणखी एका वीजप्रकल्पाचा प्रस्ताव आला. खालच्या तलावातलं पाणी पंपानं वरच्या तलावात चढवायचं आणि गरज पडेल तेव्हा सोडून वीज करायची, असा तो प्रकल्प. अभयारण्यातून बोगदे आणि रस्ते जाणार म्हणून गावकऱ्यांनी आणि निसर्गप्रेमींनी त्याला विरोध केला.

त्या कड्यावर उभं राहून मला ती दुसरी, केरळातली गोष्ट पुन्हा आठवली. तिथं पालक्काड जिल्ह्यात सायलेंट व्हॅली नावाचं खोरं आहे. सायलेंट व्हॅली म्हणजे शांत दरी. तिच्यातून वाहणारी नदी कुंतीपुळा आणि धरण होणार ती जागा सैरंध्री. अज्ञातवासात द्रौपदीनं घेतलेलं नाव ते! १९७३ मध्ये धरणाला मंजुरी मिळाली. वीज हवी होती, पाणी हवं होतं, लोकांना कामं हवी होती. यातलं काहीच खोटं नव्हतं.

पण काही माणसांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. ही माणसं कोण होती? त्यांत पुष्कळसे शाळा-कॉलेजातले शिक्षक होते. केरळ शास्त्र साहित्य परिषद ही गावोगाव विज्ञान नेणारी संस्था. तिनं नुसत्या घोषणा दिल्या नाहीत, तर आकडे मांडले. ही वीज दुसऱ्या मार्गानं मिळू शकते आणि बुडालेलं हे रान मात्र परत मिळणार नाही, असं दाखवून दिलं. सुगताकुमारी या कवयित्रीनं झाडांवर कविता लिहिल्या. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी रान वाचवा म्हणून सांगितलं. आणि या सगळ्या चळवळीचं चिन्ह झालं, ते एक आयाळवालं माकड! शेवटी १९८३ मध्ये धरणाचा बेत सोडून देण्यात आला. १९८४ मध्ये त्या रानाला राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित केलं आणि १९८५ मध्ये पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं.

उत्तर

सुट्टी संपली. शाळा भरली. आल्या आल्या पोरांनी गराडा घातला. मी सगळं सांगितलं. केळ्याची गोष्ट सांगावी की नाही, असं रात्रभर वाटत होतं. सांगितली. सरांचीही चूक होते, हे ऐकून वर्ग एकदम शांत झाला.

मग मी त्या मागच्या बाकावरच्या मुलाला म्हणालो, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही. पण आता मला एवढं कळलं आहे, की धरण बांधायच्या आधी चार प्रश्न विचारायचे. ते कशासाठी? कुणासाठी? काय बुडणार? आणि दुसरा काही मार्ग आहे का? आपल्याकडचं रान सिंगळीकाचं नव्हतं. पाऊस बेभरवशाचा. इथं पाण्याला दुसरा मार्ग शोधणं अवघड होतं. सायलेंट व्हॅलीत विजेला दुसरा मार्ग होता, रानाला नव्हता. म्हणून तिथले लोक नको म्हणाले."

त्यानं मान हलवली. पण पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, मग आपल्या धरणात काय बुडालं, ते कुणी लिहून ठेवलंय का?"

पुन्हा मी निरुत्तर! इतकी वर्षं रोज मी ते पाणी बघत होतो. त्याखाली काय आहे, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं.

मग आम्ही एक वही केली. पाठपोट दोनशे पानी. मुलं संध्याकाळी आपापल्या आजी-आजोबांजवळ बसतात आणि विचारतात. पाण्याखाली कुणाचं शेत गेलं? कोणती झाडं होती? नदीच्या काठाला कोणते प्राणी यायचे? एका आजीनं सांगितलं, "माझ्या माहेरच्या आमराईवरून आता मासे फिरत्यात, बाबा." हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर आहे. बाईंचं नाव नाही, नुसतं वाक्य.

आणि आणखी एक. शनिवारी मारुतीच्या पारावर वानरांना केळी द्यायची, की नाही? यावर वर्गात मोठं भांडण झालं. शेवटी असं ठरलं, की हातानं काही द्यायचं नाही. त्याऐवजी पावसाळ्यात उंबर, वड आणि जांभूळ लावायचं. वानरांनी त्यांचं त्यांनी खावं. गेल्या पावसाळ्यात बावीस रोपं लावली. शेळ्यांनी आठ खाल्ली. चौदा आहेत.

तर दोस्तांनो, तुमच्या गावाजवळ धरण असेल, तलाव असेल, नवा रस्ता होत असेल, तर तुम्हीही ते चार प्रश्न विचारून बघा. आणि घाटात कधी एखादं माकड कठड्यावर बसलेलं दिसलं, तर गाडी थांबवून केळं काढू नका. मोठी माणसं काढायला लागली, तर त्यांचा हात धरा आणि म्हणा,

"कोडबेडी!"